झोंबी : थोडी माती, बाकी प्रकाश

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की एखाद्या तरी वर्गाला भुताचे नाटक बसवण्याची हुक्की येते. हल्ली भुताची जागा झोंबीने घेतली आहे. आपल्या मराठीत झोंबी म्हणजे झटापट. हा झोंबी मात्र दूरचा पाहुणा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाच्या लोकसमजुतीत, थडग्यातून उठवलेल्या आणि स्वतःची इच्छा उरली नाही अशा माणसाला हे नाव आहे. तेथून तो अमेरिकन चित्रपटांत शिरला आणि २०२२ साली ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटातून थेट डोंबिवलीला येऊन पोहोचला!

नाटक ठरते, वर्गणी निघते आणि मग मेकअपचा प्रश्न येतो. हाताशी जेमतेम शंभर-दोनशे रुपये. मग कोणा मित्राच्या तोंडाला पावडर थापायची आणि हनुवटीवर टोमॅटो सॉस ओतायचा. पडदा उघडतो आणि प्रेक्षकांना दिसतो तो पिठाच्या गिरणीतून भजी खात आलेला माणूस! पहिल्याच रांगेत हशा पिकतो.

चूक कोठे झाली? पैसे कमी पडले म्हणून हे झाले नाही. जिवंत चेहरा जिवंत का दिसतो, हे कोणी आधी विचारलेच नाही.

जिवंतपणाचा रंग

एक सोपा प्रयोग करा. अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या बोटाने घट्ट दाबा. ते पांढुरके होईल. बोट काढताच क्षणात पुन्हा गुलाबी होईल. आता अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या काचेवर बोटे मिटून ठेवा. बोटांच्या कडा लालभडक उजळतील.

यावरून काय कळते? त्वचा ही भिंतीसारखी अपारदर्शक नाही. तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त ४ ते ५ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. बाकीचा आत शिरतो, इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला काही भाग पुन्हा बाहेर येतो. आत त्याची गाठ रक्तातल्या हिमोग्लोबिनशी पडते. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगलाच शोषते, पण लाल प्रकाश बराचसा सोडून देते. म्हणून ओठ, कानाच्या पाळ्या आणि नखे यांवर तांबूस झाक दिसते. त्वचा गोरी असो वा सावळी, या जागा पाहून माणूस जिवंत असल्याची खूण डोळ्याला पटते.

तेव्हा मेलेला चेहरा रंगवायचा म्हणजे ही लाली झाकायची. प्रकाश रक्तापर्यंत पोहोचण्याआधीच परत पाठवायचा.

आधी सावधगिरी

कृती सांगण्यापूर्वी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयाच्या संमेलनात एका विद्यार्थ्याने सुरकुत्या याव्यात म्हणून चेहऱ्यावर सुतारकामाचा पांढरा गोंद आणि कागद चिकटवला. नाटकाला टाळ्या पडल्या. नंतर गोंद ओढून काढताना त्याची एक भुवई आणि गालाची साल निघाली. रात्री अकरा वाजता आम्ही डॉक्टरांच्या दारात उभे होतो. त्या नाटकाची जबाबदारी माझ्यावर होती. मी मुलाला संवाद पाठ आहेत का ते विचारले होते, पण तोंडाला काय लावले आहे ते विचारले नव्हते.

म्हणून गोंद, तैलरंग, पोस्टर कलर आणि रंगपंचमीचे रंग चेहऱ्याला लावू नका. शेंदूर तर शिशाचा ऑक्साइड आहे, आणि शिसे हे विष आहे. काहीही लावण्याआधी थोडेसे कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज, लाली किंवा पुरळ आले तर तो पदार्थ बाद. डोळ्यांच्या पापण्यांना आणि डोळ्यांच्या आत काहीच लावायचे नाही.

माती, सावली आणि जखम

झोंबीसाठी उत्तम सामान किराणा दुकानात मिळते. ते म्हणजे मुलतानी माती. दह्याइतकी दाट कालवा आणि चेहरा, ओठ, कान, मान व हात यांवर पातळ थर द्या. नवशिके कान आणि हात हमखास विसरतात, आणि मग राखाडी चेहऱ्याच्या झोंबीचे हात टवटवीत दिसतात! मातीचे बारीक कण प्रकाश वरच्या वर विखुरतात आणि लाली झाकली जाते. शिवाय माती वाळताना तिच्यातले पाणी उडते, ती आकसू पाहते, पण खालची त्वचा तेवढी आकसत नाही. हा ताण सहन न होऊन तिला भेगा पडतात. आटलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडतात त्यामागेही हेच कारण असते. माती वाळत आली की गाल हलवा, तोंड वेंगाडा. भेगा हव्या त्या जागी पडतील.

आता सावल्या. उजेड सहसा वरून येतो. त्यामुळे जेथे काळोख दिसतो तेथे खड्डा आहे असे आपला मेंदू समजतो. थोड्या कोल्ड क्रीममध्ये कोको पावडर मिसळा आणि माती लावण्यापूर्वीच डोळ्यांखालच्या हाडाखाली, गालांच्या खळग्यात व कानशिलांवर हा तपकिरी रंग बोटाने पसरवा. त्या जागी माती लावू नका, कारण तेलकट भागावर ती टिकत नाही. गाल न कापताही खप्पड दिसेल.

जखमेसाठी दोन चमचे पेट्रोलियम जेलीत कॉर्नफ्लॉवर थोडे थोडे घालून कणकेसारखा गोळा मळा. हा गोळा गालावर थापून त्याच्या कडा बोटाने इतक्या पातळ करा की त्या त्वचेत मिसळून जातील. उभी कड राहिली तर तिची सावली पडते आणि सोंग उघडे पडते. मग चमच्याच्या दांड्याने मध्ये चीर पाडा आणि तिच्या तळाला कोकोचा गडद रंग भरा. हेही काम माती लावण्यापूर्वीच उरकावे. नाटक झाल्यावर जेली खोबरेल तेलाने पुसावी, माती पाण्याने धुवावी.

रक्ताचे गणित

सॉस रक्तासारखा का दिसत नाही? कोकमाचे आगळ बशीत पातळ ओता आणि तेच पेल्यात भरून पाहा. बशीत ते लाल दिसेल, पेल्यात जवळजवळ काळे. थर जाड होतो तसा प्रकाश अधिकाधिक शोषला जातो. रक्ताचेही तसेच आहे. पातळ ओघळ लाल, साचलेला थेंब काळसर. सॉसमधले कण मात्र प्रकाश विखुरतात, म्हणून तो पातळ असो वा जाड, सारखाच केशरी-लाल दिसतो.

तेव्हा घट्टसर साखरेचा पाक करा. त्यात लिंबाचे चार थेंब पिळा, म्हणजे साखरेचे खडे होणार नाहीत. तो पूर्ण थंड झाल्यावर खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको मिसळा. गरम पाक मुळीच हाताळू नका, तो चिकटून भाजतो. झोंबी मरून बरेच दिवस झालेले असतात, हेही ध्यानात ठेवा. जुने रक्त तपकिरी पडते, म्हणून कोकोचा हात जरा सैल सोडा. आणि नाटक संपताच पाक धुऊन टाका, नाहीतर खऱ्या मुंग्या येतील!

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट काढला. चित्रपटाच्या धंद्यात ही रक्कम अगदीच किरकोळ. तो १९६८ साली पडद्यावर आला. त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते! चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रंग कोणता याला महत्त्वच नव्हते. किती गडद एवढेच पुरेसे होते. दहा वर्षांनी, १९७८ साली, रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ रंगीत निघाला. मेकअपकार टॉम सविनी याने झोंबींना राखाडी रंगवले, पण काही दृश्यांत ते पडद्यावर चक्क निळे दिसले. डबीतला रंग राखाडीच होता. फरक पडला तो प्रकाशामुळे.

प्रेक्षकांसमोर झोंबी

याच गुणाचा उपयोग १९३१ सालच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ या चित्रपटात केला होता. फ्रेडरिक मार्च या नटाचा चेहरा, कॅमेरा न थांबवता, पाहता पाहता भेसूर होतो. दिग्दर्शक रूबेन मामुलियन आणि छायाचित्रकार कार्ल स्ट्रस यांची युक्ती अशी होती. चेहऱ्यावर लाल रेघा आधीच काढल्या होत्या. लाल प्रकाशगाळणीतून त्या दिसत नव्हत्या. गाळणी बदलून हिरवी आणली की त्या काळ्या होऊन उमटत.

ही युक्ती तुमच्या रंगमंचावरही जमेल. एक लाल आणि एक हिरवा एलईडी दिवा आणा. साध्या, माती न लावलेल्या चेहऱ्यावर लाल लिपस्टिकने डोळ्यांभोवती खळगे आणि गालांवर सुरकुत्या काढा. बाकी अंधार करून लाल दिवा लावा. त्वचा आणि लिपस्टिक दोन्ही लाल प्रकाश परत पाठवतात, म्हणून रेघा जवळजवळ नाहीशा होतील. एकाने लाल दिवा हळूहळू झाकावा, दुसऱ्याने हिरवा उघडावा. लाल रेघांकडे परतवायला हिरवा प्रकाश नाही. त्या काळ्या पडतील, ओठही काळवंडतील, आणि काल तुमच्या बाकावर बसलेला मित्र पाहता पाहता झोंबी होईल.

लिपस्टिकची छटा मात्र आदल्या दिवशी दोन्ही दिव्यांत तपासून घ्या, कारण प्रत्येकाची त्वचा वेगळी. दोन-तीन छटा हातावर ओढा, लाल प्रकाशात सर्वांत पुसट दिसेल ती निवडा. आणि नाटकाच्या दिवशी, पडदा उघडण्यापूर्वी, संवादांच्या आधी मित्राला एक प्रश्न विचारा : ‘तोंडाला कोठे चुरचुरत तर नाही ना?’