गोचीड, मांजर आणि एक गळालेली चतुर्थी

‘गोचीड’ या शब्दातील ‘गो’ ऐकून ती गुरांपुरतीच असते, असा समज होऊ नये. गवतातून हिंडून आलेल्या मांजरीच्या अंगावरूनही ती घरात शिरते. परंतु खरा धोका ‘गोचिडीचे औषध’ या शब्दप्रयोगात आहे. येथे षष्ठी आहे, चतुर्थी गळाली आहे: औषध कोणासाठी, हे कळत नाही. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते; मांजरीचे यकृत त्याचा निचरा करण्यास असमर्थ असल्याने तिला कंप व झटके येतात, प्रसंगी ती दगावतेही. म्हणून मांजरीसाठीचेच औषध पशुवैद्याकडून घ्यावे. घरी परतलेल्या मांजरीचे कान, मान व हनुवटी चाचपावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावण्याची रीत त्याज्य होय. मुलांच्या केसांची मुळेही त्याच वेळी पाहावीत.