भाकरी फिरवणारी माणसं

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो मी ‘चंद्राचा खर्च’ असा ऐकला आणि चांद्रयानाची जुनी कात्रणं काढून बसलो. दुसऱ्या फोनला उलगडा झाला. चंद्र नव्हे, चंद्रा. पाच वर्षं चालावी म्हणून पाठवलेली आणि पंचविशी गाठलेली अमेरिकेची क्ष-किरण दुर्बीण. तिला पोसणं आता परवडत नाही, असं खुद्द ‘नासा’ म्हणू लागली होती.

नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं. 1930च्या जुलैअखेर हा एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाला. वाटेत त्यानं गणित मांडलं की विझलेला तारा एका मर्यादेहून, आजच्या हिशेबानं सूर्याच्या सुमारे 1.4 पटींहून, जड असेल, तर त्याला स्वतःचाच भार पेलवणार नाही. त्याचं नोबेल मिळायला 1983 उजाडलं. दुर्बीण 23 जुलै 1999 रोजी ‘कोलंबिया’ शटलमधून वर गेली. शटलची धुरा प्रथमच एका स्त्रीच्या, आयलीन कॉलिन्स यांच्या हाती होती. उड्डाणानंतर पाचच सेकंदांत शॉर्टसर्किट होऊन दोन इंजिनांचे एकेक नियंत्रक बंद पडले आणि उरलेल्या नियंत्रकांवर वेळ निभावली. अधिकृत इतिहासात हे दोन ओळींत उरकतात. मला मात्र ते वाचताना घाम फुटला.

पण मी अडकलो तो तिच्या आरशांत. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून आदळले की परततच नाहीत, आत घुसतात. अगदी तिरपे, पृष्ठभागाला घासून गेले तरच उसळतात. लहानपणी तळ्याकाठी चपटा दगड आडवा भिरकावून आम्ही पाण्यावर भाकऱ्या काढायचो, तसे. म्हणून चंद्राचे आरसे बशीसारखे नाहीत, एकात एक बसवलेल्या पिंपांसारखे आहेत. चार जोड्या, काचेच्या, वरून इरिडियमचा मुलामा, सर्वांत मोठ्याचा व्यास 1.2 मीटर. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की खडबडीतपणा मोजायचा तो अणूंच्या हिशेबात. त्यामुळे नजर अर्ध्या विकलेची. अर्ध्या मैलावर धरलेल्या वर्तमानपत्राचा सेंटिमीटरभर उंचीचा मथळा वाचता यावा, इतकी. आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिचं काम वेगळं आहे आणि ती ते चोख करते, पण तिला ठिपका दिसतो तो काही कलांएवढा पसरलेला. एका कलेत साठ विकला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

चंद्राच्या चोख आरशांनीच सुरुवातीला घात केला होता. पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून जाताना आरशांनी क्ष-किरणांबरोबर प्रोटॉनही गोळा करून थेट कॅमेऱ्यावर ओतले आणि काही चिप्स कायमच्या अधू झाल्या. तेव्हापासून पट्टा जवळ आला की कॅमेरा केंद्रातून बाजूला सरकवतात. साधारण 64 तासांची एक प्रदक्षिणा, आणि दर प्रदक्षिणेला हे ओवळंसोवळं.

खरं दुखणं उष्णतेचं. दुर्बिणीवर चांदीचा थर दिलेल्या टेफ्लॉनचं चकचकीत पांघरूण आहे. ऊन परतवणं हे त्याचं काम. पंचवीस वर्षांच्या उन्हानं आणि प्रारणानं ते काळवंडलं, ऊन पिऊ लागलं. प्रारणाची चाहूल देणारं ‘एफिन’ हे उपकरण आधी तापायला लागलं, मग एकेक करून बाकीचे भाग. गंमत म्हणजे सगळे भाग एकाच वेळी तापत नाहीत. दुर्बीण एका कोनात धरली तर एक भाग तापतो आणि दुसरा निवतो. कोन बदलला की उलट.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? आपल्याकडच्या कोड्याचं उत्तर बॉस्टनजवळच्या नियंत्रण कक्षातल्या मंडळींना आयतं पाठ असावं. एका बाजूला किती वेळ धरायचं, मग कुठे वळवून गार होऊ द्यायचं, हे मांडत ते आठवड्याचं वेळापत्रक लावतात. पूर्वी एका बैठकीत उरकणारं निरीक्षण आता तुकडे करून घ्यावं लागतं. 2023मध्ये जाहीर झालेलं यूएचझेड1 या दीर्घिकेतलं कृष्णविवर घ्या. त्याचा प्रकाश आपल्याकडे निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 47 कोटी वर्षं होतं. त्या अंधूक ठिपक्यासाठी एकूण दोन आठवड्यांचा वेळ ओतावा लागला. हा प्रत्येक तुकडा कुणीतरी उन्हाचा हिशेब करून बसवलेला असतो.

आणि हाच हिशेब अंगाशी आला. मार्च 2024मध्ये ‘नासा’नं अंदाजपत्रक मांडलं. वर्षाचे 6.83 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे 570 कोटी रुपये, उतरवून 4.11 कोटींवर आणि पुढच्या वर्षी 2.66 कोटींवर आणायचे. कारण दिलं ते तापमान सांभाळण्याच्या वाढत्या खर्चाचं. चंद्रा केंद्राचे संचालक पॅट्रिक स्लेन यांनी जाहीर पत्रातून हे खोडून काढलं. गुंतागुंत वाढली हे खरं, पण तिच्यामुळे खर्च वाढला हे खरं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख.

कागद वाचून मलाही तेच पटतं. आरसे घासायचे पैसे कधीच देऊन झालेत. या दुर्बिणीच्या दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही, ‘हबल’चं भाग्य तिच्या नशिबी नाही, कारण ती दर फेरीला चंद्राच्या वाटेवर तिसऱ्या हिश्शाहून पुढे जाऊन येते. म्हणजे लोखंडावर खर्च नाहीच. जो आहे तो मुख्यतः पगारांचा, आणि संशोधकांना द्यायच्या अनुदानांचा. निम्मा पगार देऊन निम्मी भाकरी फिरवता येत नाही. ‘नासा’नंच नेमलेल्या समितीनं जुलै 2024मध्ये जवळपास हेच सांगितलं: प्रस्तावित रकमेत चंद्रा चालवण्याचा एकही मार्ग नाही.

दुसरी बाजूही अगदी टाकाऊ नाही. जुन्या मोहिमा वर्षानुवर्षं चालल्या की नव्यांचा घास जातो. 2020मध्ये ‘स्पिट्झर’ दुर्बीण याच व्यवहारी हाताने मिटवली गेली. पण नवीन कुठे आहे? चंद्राच्या नजरेजवळ जाणारी ‘अ‍ॅक्सिस’ 2024मध्ये अभ्यासासाठी निवडली गेली, तीही ‘प्रिमा’ या प्रतिस्पर्ध्याबरोबर, आणि दोघींपैकी एकीलाच 2032चं उड्डाण मिळणार. तोवर अर्ध्या विकलेची क्ष-किरण नजर दुसऱ्या कुणाकडेच नाही. ‘नासा’च्या 2022च्या आढाव्यात याच दुर्बिणीला पहिल्या श्रेणीत बसवलं होतं, हे विशेष.

शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला, अमेरिकी काँग्रेसमध्ये बाजू घेणारे निघाले आणि ते वर्ष टळलं. मे 2025मध्ये पुढचं अंदाजपत्रक आलं, त्यात चंद्रा सरळ बंद करायच्या यादीत होती. मला काळजी वाटते ती या टांगणीची. कुठला भाग कोणत्या कोनात किती वेळ टिकतो, हे कोष्टकांत लिहिलेलं असतं, पण कोष्टक कधी मानायचं आणि कधी नाही, ते माणसांच्या डोक्यात असतं. दर वर्षी नोकरी राहील की नाही या विवंचनेत बसलेला तरुण किती दिवस थांबेल? तो गेला की दुर्बीण तिथेच राहील, आरसे तितकेच गुळगुळीत.

तिच्याशी दिवसातून तीनदा, सुमारे तासभर बोलणं होतं. साठवलेलं खाली येतं, पुढची कामं वर जातात. त्या कामांत एक सूचना नेमानं असते: प्रारणपट्टा येतोय, कॅमेरा बाजूला घे.