चंद्राच्या घड्याळाने चालणारे उद्यान

उद्यान म्हटले की फाटक आले, तिकीट आले आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळांची पाटीही आली. पण आपल्या देशात असे एक उद्यान आहे की, त्याच्या वेळा रोज बदलतात आणि त्या ठरवतो चंद्र! गुजरातेत कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत हे सागरी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. १९८२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भारतातील हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान होय.

बहुतेक प्रवासी जामनगरला हॉटेलात उतरतात आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरवरील नरारा येथे जातात. ओहोटीला तेथील प्रवाळाचे खडक उघडे पडतात. घोटाभर पाण्यातून चालत गेले की तारामासे, खेकडे, समुद्रकाकड्या, पाकळ्या पसरलेली समुद्रफुले, नशीब असेल तर एखादा ऑक्टोपस किंवा अंग फुगवणारा केंड मासाही दिसतो. भरतीच्या वेळी गेलात तर मात्र नुसते पाणीच पाणी! म्हणून हॉटेलातील न्याहारीची वेळ विचारण्याआधी ओहोटीची वेळ विचारायला हवी.

ही वेळ कशी ठरते?

चंद्र पृथ्वीला ओढतो; पण सर्व भागांना सारख्या जोराने नव्हे. चंद्रासमोरचे पाणी त्याला जवळ असते, म्हणून ते पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढले जाते. पलीकडच्या बाजूचे पाणी लांब असते, म्हणून ते मध्यापेक्षा कमी ओढले जाते व मागे राहते. त्यामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेव्हा आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो आणि दिवसात दोनदा भरती येते.

पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे फिरावे लागते. म्हणजे हॉटेलातील घड्याळाचा दिवस २४ तासांचा, तर समुद्राचा २४ तास ५० मिनिटांचा. आज सकाळी ७ वाजता ओहोटी पूर्ण झाली, तर उद्या ती ७ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास होईल.

कोकणातील दर्यावर्दी लोकांचा हिशेब याच तत्त्वावर उभा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा; तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणून पावणेचारला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाणाऱ्यांना हा हिशेब उपयोगी पडतो. मात्र किनाऱ्याचा आकार व खोली यांमुळे ठिकाणागणिक वेळ पुढेमागे होते. म्हणून नराऱ्याला कोकणातील हिशेबावर विसंबू नका. तेथील तक्ताच पाहा. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करतो.

उधाण आणि भांग

सूर्यही पाण्याला ओढतो. त्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट आहे, मग सूर्याची भरती मोठी का नाही? कारण भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे आणि ३९० चा घन होतो सुमारे ५.९ कोटी. २.७ ला ५.९ ने भागा. उत्तर येते सुमारे ०.४६. चंद्राचा जोर १०० मानला तर सूर्याचा फक्त ४६!

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास दोघांचे जोर मिळतात : १०० + ४६ = १४६. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना छेद देतात : १०० – ४६ = ५४. ही भांगाची भरती. उधाणात भरतीचे पाणी जास्त चढते, तसेच ओहोटीला ते जास्त दूरही जाते. तेव्हा अधिक खडक पाहायचा तर उधाणाचे दिवस निवडावेत.

कच्छच्या आखातात याला आणखी एक कारण जोडले जाते. आखात पूर्वेकडे नरसाळ्यासारखे अरुंद व उथळ होत जाते, त्यामुळे आत शिरलेले पाणी उंच चढते. मुखाजवळ ओखा येथे उधाणात पाण्याची पातळी सुमारे ३ मीटर वरखाली होते, तर आत कांडल्याला सुमारे ६ मीटर.

परतायचे केव्हा?

ओहोटी पूर्ण झाल्यावर पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. खलाशी एकूण चढाचे बारा भाग करतात. सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. समजा, एकूण चढ ४ मीटर ८० सेंटिमीटर आहे. एक भाग ४० सेंटिमीटरचा झाला. ओहोटीच्या अगदी कडेला उभे असाल, तर तासाभरात पाणी ४० सेंटिमीटर, दोन तासांत १२० सेंटिमीटर आणि तीन तासांत २४० सेंटिमीटर! पहिला तास फसवा असतो. शिवाय सपाट खडकावर पाणी समोरूनच येते असे नाही. आपल्या मागच्या सखल घळीही भरू लागतात. म्हणून पाणी ओसरत असताना त्याच्या मागोमाग आत जावे आणि ओहोटी पूर्ण होताच किनाऱ्याकडे वळावे.

वन विभागाची परवानगी घ्या व माहितगार वाटाड्या बरोबर ठेवा. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. त्याची वाढ अतिशय मंद असते. एका पावलाने मोडलेले भरून यायला वर्षे लागतात. प्राणी उचलू नका, दगड उलटे करू नका. त्यांच्या खालच्या ओलाव्यावरच अनेक जीव भरतीची वाट पाहत तग धरून असतात.

करून पाहा : कोकणातील हिशेबाने अष्टमीला भरती सहा वाजता, म्हणजे ओहोटी भरदुपारी सव्वाबाराच्या सुमारास येते. वेळ किती सोयीची! तरीही खडक पाहायला हा दिवस चांगला का नाही? दिनदर्शिका घेऊन पुढच्या महिन्यातील योग्य दिवस शोधा आणि कारण वर्गात समजावून सांगा.