पोलिसांना कसे कळवाल?

समजा रात्रीचे दोन वाजले आहेत. समोरच्या दुकानाचे कुलूप कोणीतरी तोडत आहे. तुम्ही ते खिडकीतून पाहता. अशा वेळी काय कराल? आरडाओरडा करत खाली धावू नका. घरातल्या मोठ्या माणसांना उठवा आणि ११२ हा क्रमांक फिरवा.

पूर्वी पोलिसांचा १०० हा क्रमांक लोकांना पाठ असे. महाराष्ट्रात २०२१ साली ११२ ची सेवा सुरू झाली. हा फोन तुमच्या मोहल्ल्यातल्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो दूरच्या नियंत्रण कक्षात वाजतो. तिथल्या माणसाने तुमची गल्ली कधी पाहिलेली नसते. "लवकर या, चोर आले!" एवढेच सांगून फोन ठेवलात, तर गाडी पाठवायची कुठे? म्हणून आधी जागा सांगा. गाव, रस्ता, जवळची मशीद, शाळा किंवा दवाखाना सांगा. मग काय घडत आहे ते सांगा. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या, मध्येच फोन ठेवू नका. मराठी बोलताना अडखळलात तर हिंदीत सांगा.

पण अब्बांची मोटारसायकल कालच चोरीला गेली असेल तर? चोर केव्हाच पळाला. आता पोलीस ठाण्यात जावे. अब्बांबरोबर तुम्हीही जा. तिथले पुष्कळ शब्द तुमच्या ओळखीचे निघतील: गुन्हा, जबाब, फिर्याद, हवालदार. 'तक्रार' या शब्दाने मात्र गोंधळू नका. उर्दूत तकरार म्हणजे भांडण. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत!

अब्बा जे तोंडी सांगतील ते पोलीस लिहून घेतात. लिहिलेले वाचून दाखवावे, त्यावर सही घ्यावी आणि एक प्रत फुकट द्यावी, असा कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार अशा गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "चोरी आमच्या हद्दीत झाली नाही," असे म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही.

गाडीचा क्रमांक, रंग, चोरीची जागा आणि वेळ कागदावर लिहून न्या. अब्बांना मराठी वाचता येत नसेल, तर सहीपूर्वी तो कागद तुम्ही वाचा. एखादा आकडा चुकला असेल तर तिथेच सांगा. अडलेल्या शब्दाचा अर्थ हवालदारसाहेबांना विचारा.