बीजदोष आणि स्तनार्बुदाची साध्यासाध्यता

बीजाचा जो भाग दुष्ट होतो, त्यापासून घडणाऱ्या अवयवात विकृती उत्पन्न होते, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. स्तनाच्या कर्करोगासंबंधीचे आधुनिक जनुकशास्त्र समजून घेताना आम्हां वैद्यांना हा विचार उपयोगी पडतो. मात्र दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

१९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी १७ व्या गुणसूत्रावर या रोगाशी निगडित जनुकाचे स्थान दाखविले. तेच बीआरसीए-१. पुढे १३ व्या गुणसूत्रावर बीआरसीए-२ सापडले. तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणे हे या दोन्हींचे कार्य. जन्मतः असा दोष असलेल्या स्त्रीस वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा रोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. एकूण रुग्णांत आनुवंशिक रोगाचे प्रमाण मात्र ५ ते १० टक्केच आहे.

येथे एक गल्लत वारंवार होते. रिपोर्टात ‘हर-२ पॉझिटिव्ह’ असे वाचून रुग्णेच्या मुली घाबरतात. हा फेरफार केवळ अर्बुदाच्या पेशींत, जन्मानंतर घडलेला असतो; तो मुलींकडे जात नाही. बीआरसीएचा दोष सर्वशरीरगत असतो व प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मातेचा असो वा पित्याचा.

आता तीव्रतेविषयी. बीआरसीए-१ दोषातून होणारी बहुतांश अर्बुदे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असतात. ती वेगाने वाढतात आणि त्यांवर टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी औषधे लागू पडत नाहीत. बीजदोषज प्रमेह असाध्य मानला गेला असल्याने येथेही तसेच अनुमान काढण्याकडे आपला कल होतो. ते बरोबर नाही. ४० वर्षे किंवा त्याहून कमी वयात रोग झालेल्या २,७३३ स्त्रियांचा ब्रिटनमधील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण बीआरसीए दोष असलेल्यांत सुमारे ७३ टक्के, तर नसलेल्यांत ७० टक्के होते. म्हणजे लक्षणीय फरक नाहीच. या सर्व स्त्रियांनी आधुनिक उपचार घेतले होते, हे विसरू नये. शिवाय दुरुस्तीतील हीच उणीव हेरून अर्बुदपेशी मारणारी ओलापॅरिबसारखी औषधे आता उपलब्ध आहेत.

सुश्रुतांनी अर्बुद मंदरुज व न पिकणारे म्हटले आहे. दुखत नाही म्हणूनच गाठ अंगावर काढली जाते. औषधी दुकानदारांना आमची विनंती आहे की, स्तनातील गाठीसाठी कांचनार गुग्गुळ वा लेप मागणाऱ्या स्त्रीस तो देऊन परत पाठवू नये. प्रथम तपासणी व बायॉप्सीसाठी धाडावे. वैद्यांनी केसपेपरवर कुलवृत्त नोंदवताना आई, मावशी यांच्याइतकीच आत्या व वडिलांची आई यांची चौकशी करावी, रोग कोणत्या वयात झाला ते लिहावे, आणि कुळात बीजकोषाचा कर्करोग किंवा पुरुषास स्तनाचा कर्करोग झाला होता का, हेही विचारावे. यांपैकी काही आढळल्यास जनुकीय समुपदेशनासाठी पाठवावे. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये ती सोय आहे.