दार आतून उघडता येतं का?

गांधीबागच्या कापड बाजारात कारला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच! मिळाली की मागच्या सीटवरच्या भाच्याच्या हातात मोबाइल द्यायचा, ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणायचं आणि दुकानात शिरायचं. साडीच्या दुकानातून पाच मिनिटांत कोण बाहेर आलंय?

जून २०२३ मध्ये इथून जवळच, पाचपावली भागातल्या फारूक नगरात खेळायला गेलेली तीन मुलं बेपत्ता झाली. तिघंही सहा वर्षांच्या आतबाहेरची. बरीच शोधाशोध झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सापडली, घराजवळच उभ्या असलेल्या एका कारमध्ये. तिघांचाही जीव गेला होता.

बंद कारमध्ये काचेतून ऊन आत येतं, उष्णता मात्र बाहेर पडत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच आतली हवा भट्टीसारखी तापते. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. त्यात लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. नागपूरचं ऊन तर तुम्हाला सांगायला नको.

‘गाडीत जाऊ नको’ हे सांगायलाच हवं, पण अडकलं तर काय, हे कुणी शिकवत नाही. घरात कार शिकलेले तुम्हीच असाल, तर हे कामही तुमचंच. चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मागचं दार आतून उघडत नाही. पुढच्या दाराला तो लॉक नसतो. म्हणजे मुलाला आधी शिकवायचं ते मधून सरकून पुढच्या सीटवर यायला. तिथून दाराचा खटका ओढायचा. नाही उघडलं तर हॉर्न दाबायचा, आणि कुणी येईपर्यंत दाबतच राहायचं. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो, पण तुमच्या गाडीचा वाजतो का आणि बाहेरून लॉक केल्यावर दार आतून उघडतं का, हे आधी स्वतः आत बसून बघा. मग सावलीत, तुम्ही शेजारी असताना, मुलाकडून खेळ म्हणून दोन-चारदा करून घ्या. मोहल्ला वैतागेल, वैतागू द्या.

लॉक असलेल्या मोबाइलवरूनही ११२ लावता येतो, तेही दाखवून ठेवा.

आणि मूल दिसत नाही म्हटलं, की आधी आजूबाजूच्या उभ्या गाड्यांमध्ये डोकवा. धूळ खात पडलेल्यासुद्धा. डिक्कीही उघडून बघा.