चितारआळीतला चवथीचा बाजार

चतुर्थी म्हटली की कुणाला मोदक आठवतात, कुणाला आरत्या. आम्हां सावंतवाडीकरांस आठवते ती चितारआळी. श्रावण सरत आला, की तिथे भरणारा बाजार हीच आम्हां मुलांची वर्षातली खरी जत्रा असे.

आळीत पाऊल टाकताच ताशीव लाकडाचा आणि तापल्या लाखेचा वास येई. ओट्याओट्यांवर केळी, आंबे, सीताफळे, डाळिंबे अशा लाकडी फळांच्या राशी. शेजारी रंगीत पाट, भातुकली, भोवरे आणि पाळण्यावर टांगायचे राघू. फळे बहुधा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. म्हणून माटवीला त्यांचा भार होत नसे.

एकदा वडिलांनी भोवऱ्याच्या किमतीवरून घासाघीस आरंभली. वृद्ध चिताऱ्याने वाद घातला नाही. सांगाड्याची दोरी त्याने आमच्या हाती दिली आणि म्हणाला, "ओढ बघया." दोरी ओढावी तसे लाकूड गरगर फिरे; त्यावर त्याने लाखेची कांडी टेकविली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढे. भोवरा पुरा होईतो आमचे दंड भरून आले. वडिलांनी मुकाट्याने सांगितलेले पैसे मोजले. वस्तूची किंमत आम्हांस प्रथम कळली ती अशी, हाताला.

दरवर्षी घरात एकच लाकडी फळ विकत घेतले जाई. माटवीवरची कवंडाळे, तवसे, सुपारीची शिपटी सण सरला की उतरत. लाकडी फळ मात्र पुसून पेटीत जाई आणि पुढल्या वर्षी पुन्हा देवापुढे डोलू लागे. नाशवंताशेजारी टिकाऊ टांगण्यात आमच्या वडीलधाऱ्यांची केवढी समज होती!

आज बाजारात साच्यातली प्लॅस्टिकची फळे स्वस्त मिळतात. ती चकाकतात, पण त्यांच्यामागे कुणाचा हात दिसत नाही. दिवसभर राबून जे हाती येते, त्यात घर चालेना, तर चिताऱ्याच्या मुलाने सांगाड्यापाशी बसावे तरी का? त्याला दोष देणे सोपे आहे.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. दशावतारी गंजिफा, म्हणजे दहा अवतारांच्या प्रत्येकी 12 अशा 120 गोल पानांचा खेळ, याच गावात लोपू पाहत होता. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती कला पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून समजून घेतली, स्वतः हाती कुंचला धरला आणि राजवाड्यात कारागिरांना काम दिले. जाणता हात एकच उरला होता. परंतु त्याच्यापाशी शिकायला कुणीतरी वेळेवर जाऊन बसले, म्हणून कला वाचली.

वाचकहो, यंदा माटवी बांधाल तेव्हा एक तरी लाकडी फळ कारागिराच्या ओट्यावरून आणा. मुलांना संगे न्या आणि घासाघीस करण्यापूर्वी त्यांना क्षणभर ते काम पाहू द्या. विघ्नहर्त्याला वाहिलेली ती सेवाच होय.